आधी पेटी

घरी सँडब्लास्टिंगची, म्हणजे कणांचा मारा करून धातू साफ करायची, बंद पेटी केली आहे म्हटल्यावर बघायला येणारा जो तो आधी गन हातात घेतो. नोझल कुठलं, किती पौंडावर चालते, गंज किती वेळात निघतो, सगळे प्रश्न गनचे. पेटीकडे नजर जाते ती शेवटी, आणि तीही आत काय ठेवलंय हे बघण्यापुरती. मला याची काळजी वाटते. गन हे या यंत्राचं सर्वांत सोपं अंग आहे. हवेच्या झोतात कण सोडायचे आणि ते वेगाने धातूवर आपटवायचे, एवढं तिचं काम. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो: आपटून फुटलेले कण आणि त्यांनी खरवडलेला रंग, गंज, मळ हे सगळं जातं कुठे? उघड्यावर काम केलं तर पहिल्यांदा ते गन धरणाऱ्याच्या छातीत जातं.

नाशकात हे काम नवं नाही. अंबड, सातपूर, सिन्नर या टापूत पत्रा, अँगल आणि ओतकाम यांच्यावर किती तरी घरं चालतात. मीही त्यातलाच, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे पॅनेलचा पातळ पत्रा सेव्हन टँकमधून, म्हणजे ॲसिड आणि फॉस्फेटच्या टाक्यांतून काढतात आणि मग पावडर कोटिंगला पाठवतात. जाड चॅनेल, ओतीव भाग, वेल्डिंगचे सांगाडे मात्र ब्लास्टिंगला जातात. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी बंद खोल्या आहेत, धूळ ओढणारी यंत्रणा आहे, अंगभर पोशाख आणि बाहेरून हवा मिळणारं शिरस्त्राण आहे. लहान यार्डात ताडपत्रीचा आडोसा असतो, सिलिका सँडची पोती असतात आणि तोंडाला रुमाल बांधलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. दुपारच्या उन्हात तो पांढरा ढग लांबून दिसतो. मला तो दिसला की गाडी हळू होतेच.

या पद्धतीचं पेटंट बेंजामिन च्यू टिल्घमन या अमेरिकी माणसाने १८७० साली घेतलं. यादवी युद्धात तो उत्तरेच्या सैन्यात अधिकारी होता. वाऱ्याने उडालेल्या वाळूने खिडकीच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्याला कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. पेटंटात मात्र आख्यायिकेला जागा नाही. वाफेने, हवेने किंवा पाण्याने वाळू वेगात फेकून दगड, काच, धातू कापता येतो आणि कोरता येतो, हे त्यात नीट मांडलं आहे. वाळू जगात कुठेही मिळते आणि स्वस्त मिळते, म्हणून वाळूच वापरली गेली. पुढची कित्येक वर्षं ती फेकणाऱ्या माणसांच्या छातीत काय साठतंय याकडे फार थोड्यांनी पाहिलं.

वाळूतला टणक कण म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्‌झ, आपली गारगोटी. आपल्या इकडचा काळा पाषाण बेसॉल्टचा, त्यात मोकळं क्वार्ट्‌झ फारसं नसतं. ब्लास्टिंगला येते ती पांढरी सिलिका सँड, तिच्या खाणी कोकणात सिंधुदुर्गाकडे आहेत. पोत्यात असताना ती निरुपद्रवी दिसते. तिचे दाणे इतके मोठे असतात की ते फुप्फुसात खोल जाऊच शकत नाहीत. पण तोच दाणा वेगाने लोखंडावर आदळला की त्याचा भुगा होतो, आणि त्या भुग्यात पाच मायक्रॉनहून बारीक कण असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. हे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, गिळून मरतात, आणि कण पुन्हा मोकळे होतात. मग दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात. या चक्रात फुप्फुसात व्रण साठत जातात आणि ते कडक होत जातं. ताज्या फुटलेल्या कणांचे पृष्ठभाग जास्तच जहाल असतात, म्हणून ब्लास्टिंगवाल्यांना हा आजार खाणकामगारांपेक्षाही लवकर गाठू शकतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो, आणि त्याच्या जोडीला क्षयाचा धोका वाढतो.

हे आज कळलेलं नाही. ब्रिटनने १९४९च्या नियमांनी ओतकामावर वाळूचा मारा करण्यावर बंदी घातली. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यात ज्या आजारांची खबर सरकारला द्यावीच लागे त्या यादीत सिलिकोसिस होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. जीन्सची पँट जुनी, विटकी दिसावी म्हणून तुर्कस्तानात कापडावर वाळू मारत असत. तिथली तरुण मुलं सिलिकोसिसने गेली, तेव्हा २००९ मध्ये त्या देशाने ते काम बंद केलं. पँटचा रंग फिका दिसावा म्हणून माणसं गेली, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

रुमालाने हे कण अडत नाहीत, ओला केला तरीही नाही. म्हणून मी घरी हे काम करायचं ठरवलं तेव्हा दोन गोष्टी आधीच ठरल्या होत्या. वाळू घरात येणार नाही, आणि पेटी पूर्ण होऊन तपासल्याशिवाय गनला हवा जोडायची नाही.

निमित्त मामांच्या इंजिनाचं. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. विहिरीवर वीज येण्याआधी पाणी उपसायला ५ एचपीचं किर्लोस्कर डिझेल इंजिन होतं. मोटर आली आणि इंजिन पंपाच्या खोलीत गोणपाटाखाली गेलं. मामा म्हणाले, “भंगारवाला विचारून गेला, पण माझा जीव होत नाही. तुझ्याच्याने चालू होत असेल तर घेऊन जा.” इंजिन मोकळं केल्यावर दिसलं की ओतीव लोखंड आतून धडधाकट आहे, पण बाहेर गंज, जुना रंग आणि तेलात कालवलेली माती यांचा जाड थर बसलाय. वायर ब्रशने सपाट भाग निघतात, पण कोपरे, बरगड्या, बोल्टची बसकी, उठावाची अक्षरं तशीच राहतात. ॲसिडमध्ये घातलं तर ते सांधी-चिरांत मुरतं आणि पुढे आतून गंज काढतं. अशा भागांसाठी ब्लास्टिंगसारखं दुसरं काही नाही.

पेटीचा सांगाडा २५ मिलिमीटर अँगलचा आणि त्यावर १८ गेजचा पत्रा. आमच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या अण्णांच्या शेडमध्ये मी ती कापून आणि वेल्ड करून घेतली. आत साधारण तीन फूट रुंद, दोन फूट खोल जागा. समोरची बाजू तिरकी, म्हणजे बघताना मान मोडत नाही. हात घालायच्या दोन भोकांना सहा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले आहेत आणि त्यांवर लांब बाह्यांचे जाड रबरी हातमोजे जुबिली क्लिपने आवळले आहेत. या भोकांची उंची ठरवताना मी अण्णांना बराच वेळ उभं केलं. कोपर नव्वद अंशात राहील एवढ्या उंचीवर भोकं आली तर तासभर काम करता येतं. ती चार बोटं वर गेली की खांदे भरून येतात, आणि खांदे दुखणारा माणूस मग दार अर्धं उघडून काम उरकायला बघतो. पेटीच्या सुरक्षिततेत मापाचा असाही वाटा असतो.

तळाला हॉपर, म्हणजे कण गोळा होणारी निमुळती कुंडी. त्याच्या भिंती जमिनीशी साठ अंशांच्या आसपास उतरत्या ठेवल्या. काचेचे गोल मणी सुटे असले की याहून सपाट उतारावरही घरंगळतात, पण ग्रिट, म्हणजे टोकदार कण, अडकून बसतं आणि दमट हवेत तर कुठलाच कण भरवशाचा नाही. अण्णांचं म्हणणं होतं की उतार कमी केला तर पेटी बुटकी होईल, पत्राही वाचेल. पण हॉपरमध्ये माल अडकला की माणूस आत हात घालतो, हलवतो, दार उघडतो. मला दार उघडायचं कारणच ठेवायचं नव्हतं. हॉपरच्या वर मजबूत जाळी, तिच्यावर कामाचा भाग ठेवायचा. झोत थेट बसेल त्या मागच्या भिंतीला जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर लावलं आहे. जो कण पत्र्याला खातो तो रबरावरून उसळून परत येतो, म्हणून पत्रा टिकतो.

काच टफन्ड, ५ मिलिमीटरची, आणि तिच्या आतून साध्या काचेचा बदलता तुकडा. उसळलेले कण काचेला धुरकट करतातच, ते बाहेरच्या काचेपर्यंत पोचू नयेत एवढीच सोय. दिवा पेटीच्या छतावर, वेगळ्या काचेमागे, बाहेरून बसवला आहे. हवेचा व्हॉल्व्ह पायाखाली. पाय उचलला की झोत बंद.

आता धूळ. पेटीच्या एका बाजूला वर हवा आत येण्याची खिडकी आहे, तिच्यावर आडवा पत्रा आहे म्हणजे कण उसळून बाहेर येणार नाहीत. तिच्या विरुद्ध बाजूने एक पाइप धूळ ओढून आधी सायक्लोनमध्ये नेतो. सायक्लोन म्हणजे खाली निमुळती होत जाणारी पत्र्याची नळी. हवा तिच्यात कडेने शिरते आणि गरगर फिरते, जड कण भिंतीला घासत खालच्या बादलीत पडतात, हवा मधून वर निघते. तिथून ती व्हॅक्यूम क्लीनरच्या हेपा फिल्टरमधून जाते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. सायक्लोन नसेल तर हाच फिल्टर लगेच भरतो, ओढ कमी होते आणि पेटीतून धूळ बाहेर यायला लागते. सगळं गणित असं आहे की गन आत जेवढी हवा सोडते त्याच्या कितीतरी पट हवा व्हॅक्यूमने ओढायला हवी, म्हणजे पेटीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा नेहमी कमी राहतो. मग एखादी फट राहिली तरी तिच्यातून हवा आतच शिरते.

हे तपासायला मी उदबत्ती वापरतो. व्हॅक्यूम चालू करायचा आणि पेटवलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, दाराच्या रबरी बीडिंगवरून, हातमोज्यांच्या कडेवरून सावकाश फिरवायची. धूर सगळीकडे आत वळला पाहिजे. गनला पहिल्यांदा हवा जोडली ती या परीक्षेनंतर. आजही महिन्यातून कधीतरी, आणि बीडिंग बदललं की हमखास, उदबत्ती फिरते.

काम थांबलं तरी व्हॅक्यूम दोनतीन मिनिटं चालू ठेवतो, मगच दार उघडतो. बादली रिकामी करताना मास्क लावतोच, आणि तो बाजारातला कापडी नाही, कण अडवणाऱ्या काडतुसांचा. सुके कण रबरी नळीतून वेगाने जाताना स्थिर वीज साठते आणि हाताला झटके बसतात. गन आणि पेटी दोन्ही तांब्याच्या तारेने अर्थिंगला जोडले की ते थांबतात.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरी पेटी करणारे बहुतेक जण इथे अडतात. ३ मिलिमीटरच्या भोकातून ८० पौंडाच्या दाबाने मिनिटाला साधारण १८ घनफूट हवा जाते. एवढी हवा सतत द्यायला ५ एचपीच्या आसपासचा कंप्रेसर लागतो आणि तो घरगुती जोडणीवर झेपत नाही. माझा कंप्रेसर ३ एचपीचा. पाटीवर ११ घनफूट लिहिलंय, पण तो आकडा पिस्टनच्या विस्थापनाचा. हातात येते ती तीन चतुर्थांशच्या आसपास, म्हणजे आठेक घनफूट. भोकाचा व्यास कमी केला की हवा व्यासाच्या वर्गाने कमी होते, म्हणून २ मिलिमीटरच्या भोकातून तेवढीच, आठ घनफूट जाते. हिशोब जुळला. माझी गन सक्शनची आहे. तिच्या आत दोन नळ्या असतात. आतल्या बारीक नळीतून दाबाची हवा सुटते, तिच्यामुळे आजूबाजूला दाब कमी होतो आणि हॉपरच्या तळातून कण ओढले जातात. मग दोन्ही मिळून पुढच्या ५ मिलिमीटरच्या सिरॅमिक नोझलमधून बाहेर पडतात. हवेचा खर्च आतली नळी ठरवते आणि झीज बाहेरचं नोझल सोसतं. कण ओढणाऱ्या नळीला हॉपरच्या तोंडाशी एक लहान छिद्र हवं, म्हणजे कणांबरोबर थोडी मोकळी हवाही ओढली जाते. नाहीतर नळीत कणांचा गठ्ठा होतो आणि गन गचके देत चालते. २ मिलिमीटरच्या हवेवर एका वेळी दोन बोटं रुंद पट्टा साफ होतो. घाई असणाऱ्याने हे काम यार्डात, पण बंद खोली असलेल्या यार्डात द्यावं.

आत काय फेकायचं, हा माझ्या आवडीचा भाग. लोखंडासाठी मी गार्नेट वापरतो. तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून ते वेगळं काढतात. कठीणपणा मोह्सच्या एक ते दहा मापाने सात ते साडेसात, टोकदार, आणि त्यात मोकळं सिलिका नगण्य. ८० मेशचा (मेश म्हणजे चाळणीचं माप) दाणा इंजिनाच्या भागांना पुरतो. फार कडक गंज असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साइड, ते नऊपर्यंत जातं आणि फुटायलाही वेळ लागतो, त्यामुळे पुन:पुन्हा वापरता येतं. नाजूक कामाला काचेचे मणी. आणि कार्बोरेटरसाठी खाण्याचा सोडा. शेजारचे काका त्यांच्या चेतक स्कूटरचा कार्बोरेटर घेऊन आले तेव्हा मी तोच वापरला. त्याच्या जेटच्या भोकांत काचेचा एखादा मणी अडकला तर तो काढणं जिकिरीचं असतं. सोडा मात्र पाण्यात विरघळून जातो.

इंजिनाचं रॉकर कव्हर मी पहिल्यांदा पेटीत ठेवलं. काचेतून बघताना आधी शेतातली माती गेली, मग हिरवा रंग, त्याखालचा लालसर प्रायमर, आणि मग राखाडी ओतीव लोखंड. साच्याच्या दोन अर्धांची जोडरेषा दिसायला लागली. ती कुठल्या तरी कारागिराने कानसीने घासलेली होती, आणि कानस कुठे थांबली तेही दिसत होतं. ओतताना साच्याच्या वाळूचे ठसे धातूवर उमटतात, ते तसेच होते. पन्नासेक वर्षं रंगाखाली झाकलेलं एका माणसाचं काम समोर येत होतं. कारखान्यात मी दिवसभर भाग तपासतो, आणि तरी इतका वेळ एका कव्हरकडे मी क्वचित पाहिलं असेल.

थांबायचं कुठे, याला आमच्या धंद्यात माप आहे. आयएसओ ८५०१-१ या मानकात रंगीत छायाचित्रं आहेत. एसए १ पासून एसए ३ पर्यंत सफाईच्या पायऱ्या, आणि रंगकामाला बहुतेक वेळा मागतात ते एसए अडीच. म्हणजे गंज-रंग गेलेला, फक्त पुसट डाग किंवा छटा उरलेल्या. त्यापुढे मारत राहिलं तर धातू खाल्ला जातो आणि हाती काही लागत नाही. आतल्या भागांचं मात्र वेगळं. क्रॅंककेस, तेलाच्या वाहिन्या, बेअरिंगच्या जागा यांना मी पेटीत नेतच नाही. बाहेरची बाजू करायची असेल तर प्रत्येक भोक रबरी बूच मारून बंद करतो. एक दाणा तेलाबरोबर फिरला तरी बेअरिंग जातं. पितळी नावपट्टी आधीच काढून ठेवली होती. तिच्यावरची अक्षरं इतकी उथळ कोरलेली असतात की झोतात ती पुसलीच जातील.

काचेच्या मण्यांचा परिणाम वेगळाच असतो. ते गोल असल्याने खरवडत नाहीत, ठोकतात. जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे तांबट मठारकाम करतात तेव्हा हेच घडतं. हातोडीचा प्रत्येक घाव तांब्याचा पृष्ठभाग जरासा दाबतो, पसरवतो, आणि मऊ तांबं त्याने टणक होतं. हंड्याला ताकद त्या घावांतून येते. मणी असेच असंख्य सूक्ष्म घाव घालतात. स्प्रिंगा, गिअर, कनेक्टिंग रॉड यांच्यावर हे काम मुद्दाम, मोजून करतात, त्याला शॉट पीनिंग म्हणतात. पृष्ठभाग दाबाखाली राहिला की त्यात चीर पडायला वेळ लागतो आणि भाग जास्त टिकतो. तीव्रता मोजायला स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी एका बाजूने मारतात. मारलेली बाजू पसरते, पट्टी वाकते, आणि ती किती वाकली ते मोजतात. जनरल मोटर्समधल्या आल्मेन या अभियंत्याने ही रीत बसवली आणि पट्टीला त्याचंच नाव आहे. पातळ पत्र्याचं मडगार्ड ब्लास्टिंगला देऊ नये असं मी सांगतो ते याच कारणाने. तिथे अख्खं मडगार्डच आल्मेनची पट्टी होतं आणि पोक काढतं.

म्हणूनच तांब्याची जुनी भांडी मी पेटीत घेत नाही. लोक घंगाळ, बंब घेऊन येतात, “लख्ख करून द्या” म्हणतात. मठारलेल्या भांड्यावर प्रत्येक घावाची छोटी चकचकीत वाटी असते, ती तांबटाची सही आहे. गार्नेटने ती सगळी मॅट होऊन जाईल. चिंच, मीठ आणि थोडा वेळ, याहून जास्त त्या भांड्याला काही लागत नाही. एका मावशींना हे पटलं नाही, त्या दुसरीकडे गेल्या. मला भांड्याचं वाईट वाटलं.

पावसाळ्यात पेटीचं सगळं वागणं बदलतं. जुलैमध्ये हवा पंचवीस अंशांची आणि जवळपास ओली असते. कंप्रेसर ती हवा सहा-साडेसहा पटींनी दाबतो, तेव्हा तेवढं बाष्प तिच्यात मावत नाही. मिनिटाला आठ घनफुटांच्या हिशोबाने तासाभरात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी सुटतं. ते गनमध्ये आलं की ग्रिटचा लगदा होतो. म्हणून पंप आणि टाकी यांच्यामध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं पाण्याच्या बादलीत बुडवलं आहे. हवा तिथेच गार होते, पाणी टाकीत पडतं आणि खालच्या कॉकने काढता येतं. पुढे भिंतीवर मॉइश्चर सेपरेटर, त्याच्याकडे जाणारा पाइप चढता ठेवलाय. तरीही ब्लास्ट केलेलं लोखंड पावसाळ्यात फार वेळ उघडं ठेवता येत नाही. त्याच्यावर आता संरक्षण काहीच नसतं, नुसत्या हाताच्या घामाचे ठसेही दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतात. स्वच्छ हातमोज्यांनी उचलायचं, कोरड्या हवेने फुंकायचं आणि लगेच प्रायमर. आषाढ-श्रावणात मी लोखंड काढत नाही, ॲल्युमिनियमची कामं करतो. तेव्हा आधी पेटी पूर्ण झाडून, गार्नेट आणि लोखंडाचा गंज दोन्ही बाहेर काढून, बादली रिकामी करूनच सुरुवात. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, आणि ती गंजात मिसळली तर जास्तच.

जुन्या रंगाबद्दलही सावध राहावं लागतं. लोखंडावर लाल शिशाचा प्रायमर वर्षानुवर्षं मारत आले. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगात ते असू शकतं. पेटीतली ती धूळ घंटागाडीत देणं मला पटत नाही. ती बंद डब्यात साठते आणि मालकांच्या परवानगीने आमच्या कारखान्यातल्या रंगकामाच्या घातक कचऱ्याबरोबर जाते.

मध्यंतरी एका यार्डातला मुलगा पेटी बघायला आला. गन त्यानेही आधी उचलली, पण मग तो सायक्लोनच्या बादलीशी बसला, झाकण उघडू का विचारलं. मी त्याला मास्क दिला. त्याने आतली राखाडी पूड पाहिली. “काका, एवढी एका कव्हरची?” हो म्हणालो. तो आठवड्यातले बरेच दिवस वाळू मारतो. मी त्याला छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं, आणि डॉक्टरांना काम काय करतो ते स्पष्ट सांग, हेही. कारण ते कळलं नाही तर खोकल्याला क्षय समजून उपचार सुरू होतात. त्याच्या मालकांशी बोलायला मी स्वतः गेलो. गार्नेट महाग पडतं असं त्यांचं म्हणणं होतं. मी हिशोब मांडला: वाळू एकदा मारली की फेकायची, गार्नेट बंदिस्त जागेत मारलं तर चाळून पुन्हा वापरता येतं. बंदिस्त जागा असेल तरच हा हिशोब बसतो. त्यांनी एका जुन्या शिपिंग कंटेनरची चौकशी केली आहे. त्याला खिडक्या कुठे, ओढणारा पंखा कुठे, आतल्या माणसाला बाहेरून हवा कशी द्यायची, याचं रेखाटन मी आणि अण्णा करून देतोय. आत उभं राहून मारणाऱ्याला हवेचं शिरस्त्राण हवंच, ही अट मी त्यात लिहून घातली आहे. मालकांनी तिला होकार दिला आहे, कंटेनर अजून यायचाय.

इंजिनाचे सिलिंडर हेड, रॉकर कव्हर, गाळणीचं भांडं, टाकीचे ब्रॅकेट सगळं प्रायमर मारून तयार आहे. फ्लायव्हील पेटीत मावत नाही. ते अंगणात वायर ब्रशने आणि पाणी मारत मारत ओल्या पॉलिश पेपरने चाललंय. द्राक्षाच्या गोडी छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत विहिरीवर इंजिन चालवून दाखवायचं, असं मामांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. फ्युएल पंप दुरुस्तीला दिला आहे.